चौकात एखादं घरही उभं राहू दे

आमच्या माळव्यात शिल्प म्हटलं की पुतळा. घोडा, तलवार, नाहीतर हातात पुस्तक. खाली काळ्या ग्रॅनाइटचा चौथरा, भोवती चकचकीत स्टीलचं रेलिंग, आणि ज्यांच्या शुभहस्ते अनावरण झालं त्यांचं नाव पुतळ्यातल्या माणसाच्या नावापेक्षा ठळक. पुतळ्यांशी माझं वैर नाही. चांगला पुतळा घडवणं किती अवघड, हे आमच्या शेजारच्या धारने जवळून पाहिलंय. वसईचे रघुनाथ कृष्ण फडके धारच्या पवार महाराजांच्या आश्रयाला आले आणि तिथलेच झाले. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा त्यांच्या हातचा. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या परंपरेपुढे हात जोडतो आणि मग माझं म्हणणं मांडतो: पुतळे पुष्कळ झाले, आता एखाद्या चौकात घर उभं राहू द्या. राहायचं घर नव्हे, शिल्प म्हणून घर.

मी शिल्पकार नाही, समीक्षक तर नाहीच. लोहारद्यात घरांचे नकाशे काढून देतो. देवासहून निघून घाट उतरलं आणि नर्मदेच्या अंगाला जाऊ लागलं की हा भाग लागतो: कांटाफोड, लोहारदा, सतवास. आमचं घराणं मूळ देवासचं. घरी मराठी, दुकानात मालवी आणि हिंदी. लोहारदा तसं लहान, पण इथे नगर परिषद आहे, आणि नगर परिषद आली की बांधकामाला नकाशा आलाच. गिऱ्हाईक येतं ते प्लास्टिकच्या पिशवीत पट्टा, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन. यातला जीव पट्ट्यात. १९८४ साली मध्य प्रदेशाने शहरांतल्या भूमिहीनांना ते बसले होते त्याच जागेचा पट्टा देणारा कायदा केला. जुने पट्टे घेऊन लोक अजून येतात, घड्यांवर फाटलेले, चिकटपट्टी लावलेले. ज्याच्याकडे पट्टा नाही त्याला सरकारी घरही नाही. सरकार भिंतींना पैसे देतं, भिंतींखालची जमीन त्याने आणायची. अशी किती माणसं मी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवली, त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, पण ती प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. जमिनीवर चुन्याने आखणी केली की घर फार लहान दिसतं. आधी खुंट्या ठोकायच्या, सूत ताणायचं, गुण्या लावून कोपरा तपासायचा आणि सुताच्या कडेने पांढरी रेघ ओढायची. मग घरची मंडळी त्या रेघांच्या आत येऊन उभी राहतात आणि त्यांचे चेहरे उतरतात. बाई स्वयंपाकघराच्या चौकोनात उकिडवी बसते, हात लांब करून बघते: गॅस इथे, मग माठ कुठे? म्हातारा दाराच्या जागी उभा राहून खाट आत कशी वळेल याचा अंदाज घेतो. पोरं तर सरळ आडवीच होतात, एखाद्याचे पाय रेघेबाहेर गेले की सगळे हसतात. मी नेहमीचं वाक्य म्हणतो, घाबरू नका, भिंती उठल्या की मोठं वाटेल. आणि ते खरंच मोठं वाटतं. तरीही त्या सकाळी बसलेला धक्का खरा असतो. रेघेच्या पलीकडे उघडं रान दिसत असतं, त्याच्या शेजारी आपला वाटा केवढा ते कळतं. भिंत उठली की रान दिसेनासं होतं आणि वाट्याला आलेलं माप माणूस गोड मानून घेतो.

संकल्पनात्मक शिल्प म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी त्याला आखणीच्या सकाळी घेऊन जाईन. त्यात कोरीवकाम नाही, सुबक नाक-डोळे नाहीत, खरं तर वस्तूच नाही. पण आत उभं राहणारा माणूस आपल्या अंगाने माप घेतो, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी हलतं. एवढं झालं की शिल्पाचं काम झालं, असं माझं अडाणी मत आहे.

मुंबईत हे काम करणारे कलावंत होऊन गेले आणि आहेत. हेमा उपाध्याय मूळची बडोद्याची, मुंबईत स्थायिक झालेली. २००६ साली तिने ॲल्युमिनियमचे पत्रे, मोटारींचं भंगार, इनॅमल रंग असं काहीबाही घेऊन जमिनीवर अख्खी धारावी मांडली. बघणारा वरून बघतो, विमानातून बघितल्यासारखं. ते मला तितकंसं भिडत नाही; विमानातून सगळंच सुंदर दिसतं. पण २००९ साली तिने आठ फूट बाय बारा फुटांची एक खोली केली. शीर्षकही तेवढंच, आठ बाय बारा. भिंतींना आणि छताला आतून त्याच पत्र्याच्या इवल्याशा झोपड्या मढवलेल्या, आणि खोलीचं माप धारावीतल्या सरासरी घराचं. इथे बघणाऱ्याला आत शिरावं लागतं. आता डोक्यावरही वस्ती आणि कोपराला लागेल एवढ्या अंतरावरही वस्ती. ९६ चौरस फूट. आमच्याकडे एवढ्यात मोटारसायकल, दोन पोती सोयाबीन आणि एक शेळी ठेवतात. २०१५ साली हेमा गेली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. या आठ बाय बारामध्ये धारावीची माणसं किती शिरली असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

दुसरा कलावंत अजून तरुण आहे, आणि मला जे म्हणायचंय ते त्याच्याबद्दल जास्त आहे. अमोल के. पाटील, जन्म १९८७, मुंबईचा, रचना संसद कलाशाळेत शिकलेला. वडील महापालिकेत नोकरीला आणि नाटकं लिहिणारे, आजोबा पोवाडे गाणारे. अमोलच्या कामात चाळ येते, सफाई कामगार येतो, माती येते, आणि माणसाच्या शरीराचे तुकडे येतात: ब्राँझमध्ये ओतलेले हात, पाय. २०२२ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्याचं काम होतं. ते पाच वर्षांतून एकदा भरतं आणि जगातले कलावाले तिथे वारीला गेल्यासारखे जातात. त्या कामात रोलर स्केट्सवरून रेडिओ घेऊन फिरणारा माणूस होता आणि यलगार सांस्कृतिक मंचाची गाणी होती. पुढच्याच वर्षी लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्याने मुंबईची चाळ मांडली. शीर्षकात त्वचा होती, हालचाल होती आणि दोन्हींचं राजकारण होतं.

हे सगळं मी पाहिलं ते फोनवर. चित्रं, चित्रफिती, दुसऱ्यांनी लिहिलेलं. शिल्प फोनवर बघणं म्हणजे पुरणपोळीचा फोटो चाटणं, हे मान्य. तरी एक गोष्ट फोनवरही कळली. घरावर काम करणारे बहुतेक कलावंत घर रिकामं दाखवतात. दार, भिंत, पत्रा, आणि आत कोणी नाही, म्हणजे बघणाऱ्याला उसासा टाकायला जागा मिळते. अमोलची चाळ रिकामी नाही. तिच्यात आवाज आहे, कामावरून आलेलं दुखतं शरीर आहे, रेडिओवर लागलेलं गाणं आहे. शहर झाडणाऱ्याला शहरात जागा किती, एवढाच त्याचा प्रश्न आहे आणि तो रडत विचारलेला नाही. पोवाड्याच्या घरातला मुलगा आहे, आवाज चढा लावणं त्याच्या रक्तातच असणार.

आता माझ्या धंद्याचे आकडे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी, १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. आता शिवडी सोडून बाकीच्या पाडून रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळताहेत. वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. धारावीत पात्र ठरेल त्याला ३५०. आमच्याकडे खेड्यात प्रधानमंत्री आवासचं घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट, आणि तेही २०१६ पासून. त्याआधी २० चौरस मीटरच होतं. मैदानी भागात त्यासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. हा आकडा २०१६ ला ठरला तो आजही तोच आहे. सिमेंटचं पोतं आणि सरियाचा भाव मात्र २०१६ मध्ये थांबून राहिलेले नाहीत. नगर परिषदेच्या हद्दीत ३० चौरस मीटरचा हिशेब चालतो, ३२३ चौरस फूट, आणि केंद्र व राज्य मिळून अडीच लाख.

का बरं वरळीत ५०० आणि खेड्यात २६९? गरज तर उलटी आहे. शेतमजुराच्या घरात धान्याची कोठी लागते, अवजारं लागतात, बकरी पावसात बाहेर बांधता येत नाही. उत्तर जागेच्या भावात आहे. वरळीच्या जमिनीवर विकायचे मनोरे उभे राहतात, त्या पैशातून चाळकऱ्याचा फ्लॅट निघतो. आमच्या जमिनीवर मनोरा उभा करायला कोणी येत नाही. म्हणजे गरिबाच्या घराचं माप त्याच्या कुटुंबावरून ठरत नाही, त्याच्या पायाखालच्या जमिनीवर दुसऱ्याचा किती डोळा आहे त्यावरून ठरतं. खेड्यातल्या माणसाला मागे-पुढे वाढवायला जागा असते, हे मला कळतं, आणि वरळीतल्या माणसाने शंभर वर्षं १६० फुटांत काढली त्याबद्दल मला असूया नाही. पण कारण काय आहे ते कारण म्हणून समोर ठेवायला हवं. हे मी दुकानात बसून कितीही सांगितलं तरी समोरचा मान हलवतो आणि विचारतो, साहब, दुसरी किस्त कब आएगी?

त्याच माणसाला मैदानात चार चौकोन आखून दिले तर? ९६, १६०, २६९ आणि ५००, शेजारी शेजारी. तो एकातून दुसऱ्यात चालत जाईल, मला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

पाचवा चौकोन आखायचा की नाही, यावर माझं मन ठरत नाही. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला गाडिया लोहार उतरतात. बैलगाडी हेच घर. खाली पोर झोपतं, वर पेटी आणि गोधड्या, शेजारी भाता आणि ऐरण. चित्तोड पडल्यावर त्यांच्या पूर्वजांनी घर न करण्याची शपथ घेतली असं सांगतात. १९५५ साली पंडित नेहरू त्यांना घेऊन चित्तोडगडावर गेले, शपथ सुटली असं जाहीर झालं. शपथ सुटून सत्तर वर्षं झाली, पण पट्टा कुठे आहे? त्यांच्या घराचं माप कुठल्याच योजनेच्या तक्त्यात बसत नाही.

घराचं शिल्प करायचं हे फॅड बाहेरचं आहे असं म्हणणाऱ्यांना दोन उत्तरं आहेत. पहिलं बाहेरचंच. लंडनच्या पूर्वेला ग्रोव्ह रोडवर एका ओळीतली जुनी घरं पाडून झाली होती, एक उरलं होतं. रेचल व्हाइटरीड नावाच्या तीस वर्षांच्या मुलीने १९९३ साली त्या घराला आतून काँक्रीट फवारलं आणि मग बाहेरच्या विटा सोलून काढल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर अख्खं घर शटरिंग म्हणून वापरलं आणि नंतर शटरिंग खोललं. उरली ती घरातली हवा, घट्ट झालेली. खिडक्या बाहेर आलेल्या, चूल उलटी झालेली, दारं आहेत पण शिरायला जागा नाही. ते एखाद्या संग्रहालयात नव्हतं, भर रस्त्यावर होतं. लोकांनी त्याला शिव्या घातल्या, कौतुक केलं, फोटो काढले. कोणीतरी त्यावर रंगाने लिहिलं, कशाला? आणि दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, का नाही? तिला टर्नर पारितोषिक मिळालं त्याच दिवशी तिथल्या कौन्सिलने ते पाडायचं ठरवलं, आणि ११ जानेवारी १९९४ ला ते जमीनदोस्त झालं. नगर परिषदा सगळीकडे सारख्याच. पण जेमतेम अडीच महिने उभ्या राहिलेल्या त्या घरामुळे त्या मोहल्ल्यातल्या माणसाला आपली घरं का पाडली गेली, यावर मोठ्याने बोलायला एक जागा मिळाली. माझ्या दृष्टीने त्या कामाची खरी किंमत तिथे आहे, पारितोषिकात नाही.

दुसरं उत्तर घरचं. विष्णू चिंचाळकर गुरुजी, जन्म १९१७, आलोटचे. आलोट तेव्हा देवास संस्थानात होतं. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले, जिथून चित्रकार बेंद्रे निघाले, हुसेन निघाले. चित्रकलेत नाव झाल्यावर गुरुजी पानं, साली, बिया, मोडक्या वस्तू, लोकांनी टाकून दिलेलं काहीही उचलून त्यातून चेहरे आणि प्राणी उभे करू लागले. २००० साली ते गेले. माळव्यातल्या कितीतरी मराठी आणि हिंदी घरांतल्या मुलांनी त्यांच्यामुळे कचऱ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं. तेव्हा लोहारद्यातल्या माणसाला पत्रा आणि पन्नीचं शिल्प समजणार नाही, हे मला कोणी सांगू नये.

आणि आमच्याकडे विषयाचीही वाण नाही. नर्मदा इथून फार लांब नाही. तिच्या काठी ओंकारेश्वरला २०२३ साली आदि शंकराचार्यांची १०८ फुटी मूर्ती उभी राहिली. त्याच नदीवर खाली केवडियाला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा आहे, २०१८ पासून. दोन्ही बघायला लांबून गाड्या येतात. याच नदीत, वरच्या अंगाला, इंदिरा सागर धरणाने हरसूद शहर घेतलं. २००४ च्या जून महिनाअखेरीला लोकांनी तिथे आपली घरं आपल्या हातांनी पाडली, चौकटी आणि कवेलू काढून ट्रॅक्टरवर लादले. या धरणाने आमच्या देवास जिल्ह्याचीही गावं घेतली. खाली धार जिल्ह्यात चिखलदा आणि निसरपूरला २०१९ साली पाणी आलं, सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं तेव्हा. कितीतरी कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. एवढ्या पुतळ्यांच्या नदीकाठी बुडालेल्या घराचं एकही शिल्प माझ्या पाहण्यात नाही.

तुषार जोग नावाच्या मुंबईच्या कलावंताला हे सुचलं होतं. २०१० साली तो एन्फील्ड मोटारसायकलवर बसून मुंबईहून निघाला तो शांघायला पोचला. मुद्दाम वाट वाकडी करून आधी सरदार सरोवर गाठलं, पुढे चीनमध्ये थ्री गॉर्जेस धरण, जिथे बारा लाखांहून जास्त माणसं हलवली गेली. हा प्रवास हेच त्याचं काम. मुंबईचं शांघाय करायच्या घोषणा त्या वर्षांत चालल्या होत्या, त्याने म्हटलं चला, बघून येतो वाटेत काय काय बुडतं ते. असला विनोद मला फार आवडतो. जोग २०१८ मध्ये गेला. त्याचं नाव शांघायला माहीत आहे. आमच्या भागात मी विचारून पाहिलं, कोणाला माहीत नाही.

हे सगळं ऐकून माझा देवासचा धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तुमच्या त्या शिल्पाच्या पैशात दोन माणसांची खरी घरं होतील की." हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला टाळणारा कलावंत मला आवडत नाही. पण चौक सुशोभीकरणाचा पैसा घरकुलाच्या खात्यात वळलेला मी आजवर पाहिलेला नाही. तो कारंज्यात जातो. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडतं, आठवडाभर उडतं, मग त्यात पान खाऊन थुंकायची सोय होते. त्याच खात्यातून एकदा घराचं शिल्प झालं तर कोणाचं घरकुल रद्द होणार नाही. शिल्पाने घर मिळेल असं मात्र कलावंताने कधी म्हणू नये. ते मिळणार नाही. अमोलच्या लंडनमधल्या प्रदर्शनाने बीडीडी चाळीतल्या कोणाला किल्ली लवकर मिळाली नसेल, आणि तसा त्याचा दावाही नाही.

माझी कलावंतांवरची तक्रार वेगळी आहे. विषमतेवरचं काम ज्यांच्याकडे तीन शहरांत तीन घरं आहेत असे लोक विकत घेतात. त्याला माझी हरकत नाही, कलावंतालाही भाडं भरायचं असतं, आणि मुंबईत ते किती असतं हे मला माझ्या भाच्याकडून दर महिन्याला कळतं. हरकत यावर की विकत घेणाऱ्याच्या नजरेने हळूहळू काम घडू लागतं. मग गरिबाचं घर नेहमी फाटकंच दिसतं, गंजलेलं, धुरकट, करड्या रंगाचं. माझं गिऱ्हाईक असं नाही. दहा फुटांचं तोंड असलेल्या प्लॉटवर त्याला 'एलिवेशन' हवं असतं: दोन खांब, वर कमळ, गेटला सोनेरी रंग, भिंत पोपटी, आणि शेजाऱ्याच्या घराहून अर्धा फूट तरी उंच जोतं. आतल्या खोलीला प्लास्टर नाही, पण समोर टाइल्स. मला पूर्वी याचा राग यायचा, मी पैसे वाचवायचे उपाय सांगायचो. आता सांगत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने आपलं घर वळून पाहावं, ही इच्छा दोन पिढ्या पन्नीखाली काढलेल्या माणसाला असते, आणि ती पुरी करायला त्याच्याकडे तेवढा दहा फुटांचा तुकडाच असतो. हेमाच्या धारावीत रंग होते, ते तिने बरोबर पाहिलं. पण हे सोनेरी गेट अजून कुठल्या तरुण शिल्पकाराने गॅलरीत नेलेलं मी पाहिलं नाही. नेलं तर चेष्टा न करता नेता आलं पाहिजे, आणि तिथेच कस लागेल.

म्हणून म्हणतो, काम इकडे आणा. एका तरुण शिल्पकाराला, इंदूरच्या कलाशाळेतला असो, मुंबईचा असो की कोल्हापूरचा, एका लहान गावाने एक चौक किंवा मैदानाचा कोपरा एका मोसमासाठी द्यावा. अक्षय्य तृतीयेला उभं करायचं, दिवाळीआधी उतरवायचं, म्हणजे एक अख्खा पावसाळा त्याने झेलला पाहिजे. घराबद्दल बोलणारं शिल्प आणि त्याने पावसाचं बोलू नये, हे आमच्याकडे चालणार नाही. माप खरं असावं, एकास एक. टेबलावरची लहान प्रतिकृती नको. रेलिंग नको, म्हणजे त्यात शेळ्या शिरतील, पोरं पत्ते खेळतील, रात्री कोणीतरी झोपेलही. झोपलेल्याला उठवायचं की नाही हे शिल्पकाराने आधीच ठरवून ठेवावं. मिस्त्री आणि बेलदार गावातलेच घ्यावेत आणि त्यांना चालू दराने रोज द्यावा, कलेसाठी सवलत मागू नये. अनावरणाची पाटी लावायची असेल तर तिच्यावर मिस्त्रीचंही नाव यावं, त्याच अक्षरांत.

उतरवल्यावर विटा, पत्रे आणि चौकट कोणाला द्यायची, यावर भांडण होईल. ते होणार हे गृहीत धरून चालावं. शिल्पकाराने त्या दिवशी परत जायच्या बसचं तिकीट काढू नये. समोर उभं राहून यादी त्यानेच वाचावी आणि ज्यांचं नाव यादीत नाही ते काय बोलतात ते ऐकून घ्यावं. आखणी मी करून देईन, तिचे पैसे घेणार नाही. चुना मात्र नगर परिषदेने द्यावा.